विश्लेषण : मूठभर गुलालासाठी किती सॉफ्टवेअर? पार्टिकल इफेक्टचे कोणते साधन कोणाच्या कामाचे?

गणपतीच्या मिरवणुकीचे दहा सेकंदांचे शीर्षकदृश्य तयार करायचे आहे. अक्षरे झाली, ढोल-ताशाचा आवाज लागला. आता फक्त कोपऱ्यातून मूठभर गुलाल उधळला गेला पाहिजे. हे काम आफ्टर इफेक्ट्समध्ये होते, ब्लेंडरमध्ये होते, हूडिनीमध्ये होते आणि मोबाइल गेम ज्यात बनतात त्या युनिटीमध्येही होते. मग शिकायचे कोणते? ॲनिमेशनच्या कोर्सची फी भरण्याआधी विद्यार्थी आणि पालक हाच प्रश्न विचारतात. पण बऱ्याचदा उत्तर मिळते ते त्या संस्थेत जे शिकवले जाते त्याचेच. प्रत्यक्षात या साधनांमध्ये साम्य किती आणि फरक कुठे, हे एकदा समजून घेतले तर निवड सोपी होते.

पार्टिकल इफेक्ट म्हणजे काय?

पाऊस, धूळ, ठिणग्या, बर्फ, पाचोळा, गुलाल या गोष्टींना ठरावीक आकार नसतो. माणसाचे किंवा गाडीचे मॉडेल करता येते, तसे धुळीच्या लोटाचे करता येत नाही. त्यातला प्रत्येक कण हाताने हलवायचा म्हटले तर एका दृश्याला वर्ष लागेल. म्हणून ॲनिमेटर कण हलवत नाही, तो नियम ठरवतो. कण कुठून निघतील, किती निघतील, कोणत्या वेगाने जातील, किती वेळ जगतील आणि मरताना कसे दिसतील, एवढे सांगितले की बाकीचा हिशेब संगणक प्रत्येक फ्रेमला करतो. या व्यवस्थेला पार्टिकल सिस्टीम म्हणतात.

याची सुरुवात कुठे झाली?

१९८२ मध्ये आलेल्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते, असे संगणकावर तयार केलेले दृश्य होते. लुकासफिल्मच्या संगणक विभागातील विल्यम रीव्ह्ज यांनी त्यासाठी ही पद्धत वापरली आणि १९८३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धूर, आग, ढग अशा कडा नसलेल्या वस्तू पृष्ठभागांनी नव्हे, तर जन्मणाऱ्या, बदलणाऱ्या आणि मरणाऱ्या कणांच्या समूहाने दाखवायच्या, हा त्यातला मुख्य विचार. रीव्ह्ज पुढे पिक्सारमध्ये होते. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले तरी त्याच्या पार्टिकल विभागात जन्म, वेग, आयुष्य, रंग, आकार हेच शब्द दिसतात. चार दशकांत साधने बदलली, पाया तोच राहिला.

सगळ्या साधनांत समान काय असते?

पाच गोष्टी सर्वत्र सापडतात. पहिली म्हणजे उगम, ज्याला एमिटर म्हणतात. तो एखादा बिंदू, रेषा, चौकट किंवा वस्तूचा पृष्ठभाग असू शकतो. दुसरी, सुरुवातीचा वेग आणि दिशा. तिसरी, बले, म्हणजे गुरुत्वाकर्षण, वारा, हवेचा रोध, भोवरा, खळबळ. चौथी, आयुष्य. आणि पाचवी, रूप, म्हणजे कण ठिपका दिसेल, चित्र दिसेल की त्रिमितीय वस्तू.

गुलालाचेच पाहा. मुठीतून निघताना तो जोरात सुटतो, पण अर्ध्या सेकंदात त्याचा वेग जवळपास संपतो. नंतर तो हवेत तरंगतो, पसरतो आणि विरळ होतो. या वागण्याचे भाषांतर असे होते. सगळे कण थोड्या वेळात जन्मले पाहिजेत. सुरुवातीचा वेग मोठा, पण प्रत्येक कणाचा वेगळा हवा. हवेचा रोध भरपूर, गुरुत्वाकर्षण थोडे, सोबत जराशी खळबळ. कणाचा आकार हळूहळू वाढत गेला पाहिजे आणि त्याच वेळी तो पारदर्शक होत गेला पाहिजे. पावसाला यातले बरेचसे उलट लागते. तिथे जन्म सतत, दिशा जवळजवळ एकच आणि खळबळ नगण्य. अनारातून उडणाऱ्या ठिणग्यांना गुरुत्वाकर्षण जास्त, आयुष्य कमी आणि पांढऱ्या-पिवळ्याकडून लालकडे जाणारा रंग हवा.

नवख्याचा गुलाल का फसतो, याचे उत्तरही इथेच आहे. ब्लेंडरमध्ये नवी पार्टिकल सिस्टीम जोडली की मुळात १,००० कण, पहिल्या फ्रेमपासून दोनशेव्या फ्रेमपर्यंत जन्म आणि ५० फ्रेमचे आयुष्य असे आकडे भरलेले असतात. म्हणजे दर फ्रेमला सुमारे पाच कण जन्मतात आणि प्रत्येक जण ५० फ्रेम जगतो. पाच गुणिले पन्नास म्हणजे एका वेळी पडद्यावर फक्त २५० कण. शिवाय ते आठ सेकंद निघतच राहतात. हा गुलाल नव्हे, नळ झाला. कणांची संख्या दसपट केली तरी तो मोठा नळच होतो. शेवटची जन्मफ्रेम २०० ऐवजी पाच केली की तेच हजार कण एका झटक्यात बाहेर पडतात आणि मूठ उघडल्यासारखी वाटते. हा हिशेब कळला की तो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये चालतो. बटणांची नावे तेवढी वेगळी.

मग फरक कुठे आहे?

फरक आहे नियम मांडण्याच्या पद्धतीत. साधारण चार पद्धती दिसतात. पहिलीत सगळे नियम एकाच इफेक्टच्या पॅनलमध्ये आकड्यांच्या रूपात असतात. दुसरीत एमिटर एका जागी आणि वारा, भोवरा यांसारखी बले दृश्यात वेगळ्या वस्तू म्हणून ठेवली जातात. तिसरीत घटनांची साखळी असते. कणाबाबत अमुक घडले तर पुढे तमुक करा, असे सांगता येते. चौथीत छोटे डबे म्हणजे नोड रेषांनी जोडून हवा तो नियम स्वतः बांधता येतो. पहिलीत काम सर्वात लवकर होते, पण पॅनलमध्ये जे दिलेले नाही ते करता येत नाही. चौथीत जवळपास काहीही करता येते, पण साध्या कामालाही विचार करावा लागतो.

दुसरा मोठा फरक म्हणजे चित्र कधी तयार होते. चित्रपटात एक फ्रेम रेंडर व्हायला काही मिनिटे किंवा तास लागले तरी चालते. गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर सगळ्या कामाला मिळून एका फ्रेममागे जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात खेळाडू, पार्श्वभूमी, आवाज सारे आले. त्यामुळे दोन्हीकडचा गुलाल सारखा दिसला तरी तो बनवण्याचा मार्ग वेगळा असतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये काय मिळते?

व्हिडीओवर अक्षरे, चिन्हे आणि इफेक्ट चढवण्यासाठी ॲडोबीचे आफ्टर इफेक्ट्स सर्वाधिक वापरले जाते. त्यात सीसी पार्टिकल वर्ल्ड हा इफेक्ट सोबतच येतो. एका रिकाम्या रंगीत लेअरवर तो टाकला की लगेच ठिणग्या उडू लागतात. जन्मदर, आयुष्य, वेग, गुरुत्वाकर्षण, रोध, जन्माचा रंग, मृत्यूचा रंग हे सगळे एकाच पॅनलमध्ये असते. आफ्टर इफेक्ट्समधील त्रिमितीय कॅमेराही तो ओळखतो. शीर्षकदृश्यातील गुलालासाठी बहुतेक वेळा एवढे पुरते.

त्याची मर्यादा दोन ठिकाणी जाणवते. कण एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दृश्यातल्या एखाद्या वस्तूला आदळून तिच्या आकाराप्रमाणे घसरणे त्यांना जमत नाही. पोत आणि खळबळ यांवर अधिक ताबा हवा असेल तर अनेक व्यावसायिक ट्रॅपकोड पार्टिक्युलर हे पूरक साधन घेतात. ते मूळचे रेड जायंटचे, आता मॅक्सॉन कंपनीकडे आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. त्यात हवेच्या खळबळीची स्वतंत्र सोय आहे. गुलाल तरंगताना जो नागमोडी पसरतो, तो तिथे कमी कष्टात साधतो.

पैसे न भरता हेच काम करता येते का?

येते. डाविंची रिझॉल्व्ह हे मुळात रंगसंस्कार आणि संपादनाचे सॉफ्टवेअर. २०१८ मधील पंधराव्या आवृत्तीपासून त्यात फ्यूजन हा इफेक्टचा विभाग आला, आणि त्याच्या मोफत आवृत्तीतही पार्टिकलचे नोड आहेत. एक नोड कण सोडतो, दुसरा त्यांना दिशा देतो, तिसरा खळबळ घालतो, चौथा घर्षण, आणि शेवटचा रेंडर नोड त्यांचे चित्र करतो. आफ्टर इफेक्ट्समधून आलेल्याला सुरुवातीला हे किचकट वाटते. पण कोणत्या नियमामुळे काय बदलले, हे डोळ्यांसमोर रेषेत मांडलेले असते. एखादा नोड तात्पुरता बंद करून फरक पाहता येतो. लग्नाचे किंवा कार्यक्रमांचे व्हिडीओ रिझॉल्व्हमध्येच संपादित करणाऱ्याला वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज पडत नाही.

हाताने काढलेल्या टूडी ॲनिमेशनमध्ये कण कसे येतात?

टूडी चित्रात फोटोसारखी धूळ आली तर ती उपरी दिसते. त्यासाठी कणही त्याच हाताचे असावे लागतात. ओपनटून्झमधील पार्टिकल इफेक्टला चित्रकाराने काढलेली चित्रमालिका जोडता येते. पानाची पाच-सहा चित्रे काढली की तीच शेकडो पाने होऊन गळू लागतात. जन्मदर, आयुष्य, वारा, घर्षण यांचे आकडे इथेही असतात. स्टुडिओ जिब्लीने ज्या टून्झ सॉफ्टवेअरची आपल्या गरजेनुसार आवृत्ती वापरली, तेच २०१६ मध्ये ओपनटून्झ या नावाने मुक्त आणि मोफत झाले. मालिका बनवणाऱ्या स्टुडिओंमध्ये वापरल्या जाणाऱ्या टून बूम हार्मनीच्या प्रीमियम आवृत्तीतही पार्टिकलचे नोड आहेत, पण ते विकत घ्यावे लागते.

ब्लेंडरची ताकद किती?

ब्लेंडर २००२ पासून मुक्त आणि मोफत आहे. पूर्णतः त्यात तयार झालेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या चित्रपटाने २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले. त्यामुळे ‘मोफत म्हणजे शिकाऊ’ हा समज आता टिकत नाही.

पार्टिकलच्या बाबतीत मात्र ब्लेंडरमध्ये दोन घरे आहेत, हे नव्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. जुन्या घरात एमिटर आणि केस असे दोन प्रकार आहेत. एमिटरच्या कणांना न्यूटनच्या नियमांप्रमाणे पडता येते, थव्यासारखे उडता येते किंवा द्रवासारखे वाहता येते. वारा, भोवरा, खळबळ ही बले दृश्यात वेगळ्या वस्तू म्हणून ठेवायची. गुलालासाठी एमिटरच्या भौतिक विभागातील ड्रॅगचा आकडा वाढवायचा आणि जवळ एक खळबळीचे बल ठेवायचे. एवढे केले की पहिला चांगला निकाल तासाभरात मिळतो.

नवे घर म्हणजे जॉमेट्री नोड्स. ते २०२१ मध्ये २.९२ आवृत्तीत आले आणि जून २०२३ मधील ३.६ आवृत्तीत त्याला सिम्युलेशनची जोड मिळाली. मागच्या फ्रेममधील स्थिती लक्षात ठेवून पुढची काढणारा नियम आता स्वतः बांधता येतो. उदाहरणार्थ, कण ढोलावर बसला की तिथेच चिकटून राहावा आणि ढोल थरथरला की झडावा, असे सांगता येते. पण तयार पॅनल नसल्याने गुरुत्वाकर्षणसुद्धा आपणच मांडावे लागते. म्हणून सुरुवात जुन्या घरात करून, अडल्यावर नव्यात जाणे सोयीचे.

माया, थ्रीडीएस मॅक्स आणि सिनेमा फोरडी कुठे बसतात?

ऑटोडेस्कचे माया पात्रांच्या ॲनिमेशनसाठी मोठ्या स्टुडिओंमध्ये रुजलेले आहे. त्यातील एन-पार्टिकल्स हे न्यूक्लियस नावाच्या गणकावर चालतात आणि मायातील कापडही त्याच गणकावर चालते. त्यामुळे गुलाल पताकेवर आदळला तर पताका हलू शकते आणि गुलालही तिच्यावरून घसरतो. दोन्हींना एकमेकांची जाणीव असते. मोठ्या धूर-पाण्यासाठी बायफ्रॉस्ट ही नोडवर आधारलेली व्यवस्था मायाबरोबर येते.

थ्रीडीएस मॅक्समधील पार्टिकल फ्लो हे घटनांच्या साखळीचे नमुनेदार उदाहरण आहे. कण जमिनीला टेकला की पहिली घटना संपते, दुसरी सुरू होते आणि तिथे कणाचा रंग, आकार, वागणे सगळे बदलता येते. गोष्ट सांगावी तसे नियम वाचता येतात, म्हणून शिकणाऱ्याला ते लवकर समजतात. त्याच विचारावर उभे असलेले टायफ्लो हे पूरक साधन प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी वापरते आणि मोठ्या संख्येच्या कणांना वेगाने हाताळते. त्याची मर्यादित मोफत आवृत्तीही आहे.

सिनेमा फोरडी हे जाहिराती आणि वाहिन्यांच्या शीर्षकांसाठी लोकप्रिय. त्यातील मूळ पार्टिकल सोय वर्षानुवर्षे साधीच होती. त्यामुळे बाहेरच्या कंपनीचे एक्स-पार्टिकल्स वेगळे विकत घेणे जवळपास गृहीत धरले जाई. २०२४ मध्ये मॅक्सॉनने स्वतःची नवी पार्टिकल व्यवस्था दिल्यावर ही गरज बरीच कमी झाली. जुने ट्युटोरियल पाहून शिकणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. नाहीतर नसलेले बटण शोधत बसण्याची वेळ येते.

हूडिनीचे एवढे नाव का?

टोरांटोच्या साइडएफएक्स कंपनीचे हूडिनी १९९६ मध्ये आले. चित्रपटातील पूर, स्फोट, वादळ, कोसळणाऱ्या इमारती यांसाठी ते जगभर वापरले जाते. त्याची खरी ताकद म्हणजे कणाविषयीची कोणतीही माहिती लपवलेली नसते. एका तक्त्यात प्रत्येक कणाची एक ओळ दिसते. त्याची जागा, वेग, वय, रंग आणि आपण जोडू ती कोणतीही माहिती रकान्यांत असते. ‘उजव्या हाताच्या मुठीतून निघालेल्या, अर्ध्या सेकंदाहून जास्त वयाच्या कणांवरच वारा लागू दे’ असे सांगायचे असेल तर एक ओळ लिहून सांगता येते.

चित्रपटाच्या दर्जाचा गुलाल करताना एक गोष्ट स्पष्ट होते. सुटे कण कितीही वाढवले तरी दाट ढग वळवळत वर चढल्याचा आभास नुसत्या कणांनी येत नाही. कारण खरा गुलाल हवेबरोबर वाहतो, आणि हवा स्वतः भोवरे घेत असते. म्हणून आधी हवेचे किंवा धुराचे सिम्युलेशन करतात आणि त्या प्रवाहात कण सोडतात. हूडिनीत धूर आणि कण एकाच घरात असल्याने ही जोडणी सहज होते. ब्लेंडर आणि मायातही धुराचे सिम्युलेशन आहे, पण तिथे एवढा बारीक ताबा मिळवायला जास्त खटपट करावी लागते.

याची किंमतही आहे. दहा लाख कण घ्या. प्रत्येकाची जागा, वेग आणि रंग यांचे तीन-तीन आकडे आणि वयाचा एक, असे दहा आकडे झाले. एका आकड्याला चार बाइट धरले तर कणामागे ४० बाइट. म्हणजे एका फ्रेमला ४० मेगाबाइट आणि २५० फ्रेमच्या दहा सेकंदांना सुमारे १० गिगाबाइट. धुराची माहिती यात धरलेलीच नाही. शिवाय प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असते. शंभरावी फ्रेम पाहायची तर आधीच्या नव्व्याण्णव काढाव्याच लागतात. म्हणून निकाल डिस्कवर साठवून पुढे जावे लागते. घरचा लॅपटॉप घेताना ग्राफिक कार्डइतकीच रॅम आणि मोकळी डिस्क का महत्त्वाची, ते यावरून कळावे.

गेममधला गुलाल वेगळा कसा?

अनरिअल इंजिनमधील नायगरा आणि युनिटीतील दोन व्यवस्था ही इथली मुख्य साधने. नायगरात नियमांचे थर एकावर एक रचलेले असतात. एमिटर सुरू होताना काय, कण जन्मताना काय, दर फ्रेमला काय आणि शेवटी दिसायचे कसे, असा तो क्रम आहे. कणांचा हिशेब प्रोसेसरवर करायचा की ग्राफिक चिपवर, हे प्रत्येक एमिटरसाठी निवडता येते. युनिटीतील जुनी पार्टिकल सिस्टीम प्रोसेसरवर चालते आणि साध्या फोनवरही निभते. नवा व्हीएफएक्स ग्राफ ग्राफिक चिपवर लाखो कण हलवतो, पण त्याला तशी क्षमता असलेले उपकरण लागते.

मोबाइल गेममध्ये खरी अडचण कणांच्या संख्येची नसते, अर्धपारदर्शक कणांच्या आकाराची असते. पडदाभर पसरलेले वीस अर्धपारदर्शक कण एकावर एक आले की फोनला तोच पिक्सेल वीस वेळा रंगवावा लागतो. फोन तापतो, खेळ अडखळतो. म्हणून गेममध्ये एक जुनी युक्ती वापरतात. गुलालाचा एक छान लोट हूडिनी किंवा ब्लेंडरमध्ये आधीच तयार करायचा, त्याच्या ६४ फ्रेम एकाच चित्रात आठ गुणिले आठच्या चौकटींत मांडायच्या आणि गेममधील मोजक्या कणांवर त्या क्रमाने चालवायच्या. पाहणाऱ्याला हजारो कण दिसतात, फोन मात्र आठ-दहाच हलवत असतो. म्हणजे ‘गेमचे साधन’ आणि ‘चित्रपटाचे साधन’ हे प्रतिस्पर्धी नाहीत. अनेकदा एकाचा माल दुसऱ्यात जातो.

एका सॉफ्टवेअरचे काम दुसऱ्यात नेता येते का?

निकाल नेता येतो, नियम नाही. अलेंबिकसारख्या सर्वांना समजणाऱ्या फाइलमधून कणांच्या जागा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातात. पण वारा किती होता, रोध किती, जन्म कोणत्या फ्रेमला, हे त्या फाइलबरोबर जात नाही. दिग्दर्शक म्हणाला, ‘गुलाल जरा डावीकडून येऊ दे,’ की पुन्हा मूळ सॉफ्टवेअरकडे जावे लागते. म्हणून सॉफ्टवेअर बदलताना सोबत येते ती फाइल नव्हे, तर त्या आकड्यांमागची समज.

खर्चाचे गणित काय?

ब्लेंडर आणि ओपनटून्झ पूर्ण मोफत आहेत आणि त्यातले काम विकताही येते. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन मिळते. हूडिनीची शिकाऊ आवृत्ती मोफत आहे, पण तिच्या चित्रावर छाप उमटते, चित्राचा आकार मर्यादित असतो आणि व्यावसायिक काम करता येत नाही. अनरिअल इंजिनवर केलेल्या गेमची कमाई १० लाख डॉलर ओलांडेपर्यंत स्वामित्वशुल्क नसते, त्यापुढच्या कमाईवर पाच टक्के असते. आफ्टर इफेक्ट्स, माया, थ्रीडीएस मॅक्स आणि सिनेमा फोरडी यांना ठरावीक मुदतीचे भाडे भरावे लागते. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणापुरती मोफत मुभा देते. कोर्स संपल्यावर ही मुभाही संपते, याचा विचार आधीच केलेला बरा.

मग कोणी काय निवडावे?

अंतिम चित्र कुठे दिसणार, या एका प्रश्नावरून निवड सुरू करावी. काम व्हिडीओ, शीर्षके आणि समाजमाध्यमांचे असेल तर आफ्टर इफेक्ट्स किंवा फ्यूजन पुरते. त्यासाठी हूडिनी शिकणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ट्रक काढणे. टूडी ॲनिमेशन करायचे असेल तर ओपनटून्झने सुरुवात करावी. सगळे एकट्याने करणाऱ्या त्रिमितीय कलाकारासाठी ब्लेंडरइतका सोयीचा पर्याय नाही. मोठ्या स्टुडिओत इफेक्ट कलाकार म्हणून नोकरी हवी असेल तर हूडिनी टाळता येत नाही. गेममध्ये जायचे असेल तर नायगरा किंवा युनिटी, आणि सोबत ती ६४ चौकटींची युक्ती.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचे राष्ट्रीय केंद्र मुंबईत उभारण्यास मंजुरी दिली. त्यामुळे राज्यात या शिक्षणाकडे ओढा वाढणार, आणि कोर्सच्या जाहिरातीही. त्या वाचताना सॉफ्टवेअरच्या नावांची यादी मोजू नये. दोन प्रश्न विचारावेत. इथे एकच इफेक्ट दोन वेगळ्या साधनांत करून घेतात का? आणि आकडे बदलण्याआधी खरा पाऊस, खरी धूळ, खरा गुलाल निरखायला सांगतात का?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मूठ उघडल्यावर गुलाल अर्ध्या सेकंदात थांबतो, हे कोणतेही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. ते मिरवणुकीतच पाहावे लागते. फोनवर त्याचा स्लो-मोशन व्हिडीओ काढून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली, तर त्यासाठी कोणतीही फी लागत नाही. पुढे त्याचे आकडे कोणत्या पॅनलमध्ये भरायचे, हे काही आठवड्यांत शिकता येते.